गाळ, पाणी आणि पक्षी : हतनूर जलाशय व खानदेशातील गोड्या पाण्याची जीवसृष्टी

प्रस्तावना

जमीन आणि पाणी यांच्या सीमेवर असणाऱ्या, वर्षाचा काही काळ तरी पाण्याखाली राहणाऱ्या वा पाण्याने भिजलेल्या प्रदेशास पाणथळ असे म्हणतात. इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात या संज्ञेची व्याप्ती फार मोठी ठेवण्यात आली. दलदल असो वा उघडे पाणी, नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमचे असो वा हंगामी, साचलेले असो वा वाहते, गोडे असो वा खारे, या साऱ्यांचा तीत समावेश होतो. भारत १९८२ साली या करारात सामील झाला. योगायोग असा, की जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ तापी नदीवर बांधलेले हतनूर धरणही १९८२ मध्येच पूर्ण झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. धरण शेतीसाठी, भुसावळ परिसरातील वस्त्यांसाठी आणि औष्णिक वीज केंद्रासाठी बांधले गेले होते, पक्ष्यांसाठी नव्हे.

रामसर कराराच्या व्याख्येतील 'कृत्रिम' हा शब्द खानदेशाच्या दृष्टीने कळीचा आहे. जळगाव व धुळे या जिल्ह्यांत नैसर्गिक सरोवर जवळजवळ नाही. येथील पाणथळ जागा म्हणजे धरणांचे फुगवटे, ब्रिटिशपूर्व व ब्रिटिश काळातील तलाव, पाझर तलाव, कालव्यांच्या कडेच्या पाणसर जागा आणि नद्यांतील डोह. जळगाव शहराचा मेहरुण तलाव, धुळे शहराला पाणी पुरविणारे नकाणे व डेडरगाव हे तलाव, सातपुड्याच्या पायथ्याचे सुकी व अनेर हे जलाशय आणि सर्वांत विस्तीर्ण असा हतनूरचा जलाशय ही त्यांतील ठळक नावे होत. माणसाने स्वतःच्या गरजेसाठी अडविलेल्या या पाण्यात वनस्पती व प्राणी कसे नांदतात, आणि ज्या गाळामुळे धरण निकामी होत जाते त्याच गाळामुळे पाणथळ कशी घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तापी खोऱ्यातील पाण्याची घडण

मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर अंतर तोडून तापी सुरतजवळ अरबी समुद्रास मिळते. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग यांच्यामधील खचदरीसारख्या सखल पट्ट्यातून ती वाहते. या पट्ट्यात शेकडो मीटर जाडीचा गाळाचा थर साचलेला आहे. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या नद्या, तर उत्तरेकडून सुकी, मोर, अनेर, अरुणावती या नद्या तिला येऊन मिळतात. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांचे एक वैशिष्ट्य असे, की डोंगरपायथ्याच्या गोटे-वाळूच्या जाड पट्ट्यात त्यांचे बरेचसे पाणी जमिनीत मुरून जाते. रावेर-यावलच्या केळीच्या बागा ज्या भूजलावर उभ्या राहिल्या ते पाणी मूळचे हेच.

पाऊस जेमतेम आणि तोही चार महिन्यांचा; उन्हाळा मात्र राज्यातील अत्यंत कडक उन्हाळ्यांपैकी एक. उघड्या पाण्यातून वर्षाकाठी वाफ होऊन उडणारे पाणी हे पडणाऱ्या पावसाहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे खानदेशातील जलचरांना केवळ पाण्यात जगण्याचे कौशल्य पुरत नाही. पाणी नसताना तग धरण्याचेही हवे. हा कोरडेपणा आजचा नाही. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये केलेल्या उत्खननात सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे, नक्षी कोरलेले शहामृगाच्या अंड्याचे कवच मिळाले. शहामृग हा कोरड्या, मोकळ्या गवताळ प्रदेशाचा पक्षी होय. ज्या भूमीत एकेकाळी शहामृग वावरत होते तेथे आज हजारो बदके उतरतात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

डोह आणि डबकी

धरणांपूर्वी या प्रदेशातील जलजीवनाचा मुख्य आधार नदीतील डोह हाच होता. मार्चनंतर प्रवाह खंडित होतो आणि पात्रात ठिकठिकाणी खडकाच्या खळग्यांत पाणी उरते. मासे, कासवे, शिंपले, बेडूक यांची पुढील पिढी या डोहांत उन्हाळा काढते आणि मृगाच्या पहिल्या पुराबरोबर पुन्हा नदीभर पसरते. डोह म्हणजे नदीची बियाण्याची कणगी म्हणावयास हरकत नाही. गिरणा व तापी यांच्या पात्रांतून वाळूचा बेसुमार उपसा झाल्याने ही कणगीच रिकामी होऊ लागली. वाळू गेली की पात्रातील ओलावा टिकत नाही, मऊ पाठीच्या कासवांना अंडी घालण्यास जागा राहत नाही आणि वाळूच्या बेटांवर उघड्यावर अंडी घालणारे नदी सुरय, लहान आर्ली यांसारखे पक्षी विस्थापित होतात.

डोहात टिकणाऱ्या माशांची शरीररचना अभ्यासण्याजोगी आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात प्रति लिटर सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३५ अंशांस तेच प्रमाण ७ मिलिग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे उन्हाळ्यात जलचरांची गरज वाढत असतानाच पुरवठा आटतो. मरळ, मागूर आणि शिंगी या माशांनी यावर तोड काढलेली आहे. कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्यासाठी त्यांच्या डोक्यात वा शरीरात स्वतंत्र पोकळी असते. मरळ वरचेवर पृष्ठभागावर येऊन हवा घेते, हे कोणत्याही आटत्या डोहाच्या काठी बसून पाहता येते. मच्छीमार तिची हीच सवय हेरून तिला पकडतात.

खडकांवरील व शेताच्या बांधांवरील पावसाळी डबकी तर आणखी अल्पजीवी. चार-सहा आठवड्यांत ती आटतात. तेवढ्या अवधीत परीकोळंबीसारखे कवचधारी प्राणी जन्मतात, वाढतात व अंडी घालून मरतात. अंडी मात्र मातीत पडून वर्षानुवर्षे कोरडेपणा सोसतात. चौपत्तीच्या फळांसारख्या कठीण कोषांत तिचे बीजाणू असेच सुरक्षित राहतात. याच डबक्यांवर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर, पँटाला फ्लॅव्हेसेन्स, पावसाळी वाऱ्यांबरोबर लांबलांबचा प्रवास करतात. हिंदी महासागर ओलांडून ते आफ्रिकेपर्यंत जातात असे मत २००९ पासून मांडले जाते. डबक्यात वाढणाऱ्या अळीचे आयुष्य दीड-दोन महिन्यांचे, पण तिच्या प्रौढाचा पल्ला मात्र खंडांतराचा.

पाण्यातील सूक्ष्म जीवांशी येथील माणसांचा संबंध नेहमीच सौम्य राहिला असे नाही. सायक्लॉप्स हा कवचधारी सूक्ष्म प्राणी पायऱ्यांच्या विहिरींतील पाण्याबरोबर पोटात जाऊन नारूचा रोग होत असे. महाराष्ट्रातील दुष्काळी पट्ट्यांतील जुन्या पिढीला हा रोग चांगलाच परिचयाचा होता. पाणी गाळून पिणे आणि पायऱ्यांच्या विहिरींचा वापर थांबविणे या साध्या उपायांनी तो हटला व २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. सायक्लॉप्स आजही सर्व तळ्यांत आहे आणि लहान माशांचे ते महत्त्वाचे अन्न आहे.

येथे धुळे जिल्ह्यातील फड पद्धतीचा निर्देश करणे उचित ठरेल. पांझरेवर ओळीने बांधलेले दगडी बंधारे, त्यांतून निघणारे पाट आणि गावकऱ्यांनी सामुदायिक रीतीने चालविलेले पाणीवाटप ही व्यवस्था काही शतके टिकली. तिचा अभ्यास सिंचनाच्या व सहकाराच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. तथापि, प्रत्येक बंधाऱ्याच्या वर एक उथळ, हळू वाहणारा पाणीसाठा आणि पाटांच्या कडेला माका, ब्राह्मी, लव्हाळा, नाळीची भाजी यांनी भरलेली ओलसर पट्टी निर्माण होत असे, याकडे जीवशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे.

हतनूर : धरणातून पाणथळीकडे

चांगदेव येथे तापी व पूर्णा यांचा संगम होतो. संगमाच्या खालच्या अंगाला हतनूरचे धरण असून त्याला ४१ दरवाजे आहेत. त्याची मूळ एकूण साठवण क्षमता ३८८ दशलक्ष घनमीटर व उपयुक्त साठा २५५ दशलक्ष घनमीटर इतका. मात्र फुगवट्याचा विस्तार मोठा आणि खोली बेताची. यात पूर्णेची भर पडते. अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील खोल काळ्या मातीच्या प्रदेशातून ती वाहत येते; तेथील मऊ गाळाचे काठ दर पावसाळ्यात ढासळतात आणि ती माती घेऊन नदी हतनूरला येते. वाहते पाणी जलाशयात शिरताच त्याचा वेग मंदावतो. जड वाळू आधी खाली बसते, मग पोयटा, आणि अतिसूक्ष्म चिकणमाती बरीच पुढे जाऊन सावकाश बसते. परिणामी फुगवट्याच्या शेपटाकडे दरवर्षी उथळ पाण्याचे, चिखलाचे आणि बेटांचे क्षेत्र वाढत जाते. पावसाळ्याच्या प्रारंभी पूर दरवाजांतून सोडून देऊन साठा हंगामाच्या उत्तरार्धात करण्यामागे पुराचे व्यवस्थापन आहे, तसेच गाळाचा काही भाग पुढे जावा हा लाभही त्यात आहे.

अभियंत्याच्या दृष्टीने ही हानीच होय, आणि ती खरी हानी आहे; शेतकऱ्याचे व शहराचे पाणी तितके कमी होते. परंतु परिस्थितिविज्ञानाच्या दृष्टीने येथे वेगळीच प्रक्रिया सुरू होते. खोल, उभ्या काठांच्या जलाशयात जीवसृष्टी तुलनेने विरळ असते, कारण सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही व मुळे धरण्यास जागा नसते. उथळ गाळपट्ट्यावर प्रकाश, पोषकद्रव्ये आणि आधार ही तिन्ही एकत्र येतात. ऑक्टोबरात पाणी अजून गढूळ असते. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चिकणमाती खाली बसून पाणी निवळते, तशी तळच्या वनस्पतींची वाढ होते. आणि नेमक्या याच काळात उत्तरेकडील बदकांचे थवे दाखल होतात.

त्यानंतर सिंचन, पिण्याचे पाणी व वीज केंद्र यांसाठी पाणी काढले जाते आणि पातळी हळूहळू उतरते. उतरत्या पाण्यामागे उघडी पडणारी ओली जमीन स्थानिक शेतकरी कसतात. तिला गाळपेर जमीन म्हणतात. गहू, हरभरा, खरबूज, कलिंगड अशी पिके खताशिवाय वा थोड्या खतावर तेथे येतात. ज्या चिखलावर सकाळी तुतारी व शेकाट्या चोच खुपसत असतात त्याच्याच वरच्या पट्टीवर नांगर चालू असतो. दोघांची मागणी एकाच जमिनीवर आहे, आणि ती एकाच वेळी आहे.

पाणवनस्पतींची वाटणी

काठापासून आत जाताना वनस्पती बदलत जातात. सर्वांत बाहेर बाभूळ, करंज, निर्गुडी आणि मूळची अमेरिकेतील बेशरम. त्यानंतर लव्हाळा, मोथा, काटेरी तालीमखाना. पाणी घोट्याएवढे असेल तेथे पाणकणीस, म्हणजे टायफा, दाट उभे राहते. त्याच्या पानांच्या चटया विणल्या जातात. त्याच्या आत कुमुद, कमळ व शिंगाडा यांसारख्या, मुळे तळाशी आणि पाने पृष्ठावर असणाऱ्या वनस्पती. सर्वांत आत हायड्रिला, वॅलिस्नेरिया, सेराटोफायलम, पोटॅमोजेटॉन आणि कारा हे शैवाल अशा पूर्णपणे बुडालेल्या वनस्पती.

या बुडीत वनस्पतींना सामान्य बोलण्यात सरसकट 'शेवाळ' म्हटले जाते आणि तलावाच्या स्वच्छतेच्या नावाखाली त्या काढून टाकल्या जातात. हा गैरसमज महागात पडणारा आहे. त्या पाण्यात थेट ऑक्सिजन सोडतात, विरघळलेले नत्र व स्फुरद शोषून घेतात, गाळ जागेवर धरून ठेवतात, माशांच्या पिल्लांना आडोसा देतात आणि त्यांच्या कंदांवर, बियांवर व कोवळ्या शेंड्यांवर बदके जगतात. त्या नाहीशा झाल्यास तीच पोषकद्रव्ये पृष्ठावरील निळ्या-हिरव्या सूक्ष्म जीवांच्या वाट्याला येतात. पाणी हिरवे, अपारदर्शक होते आणि पुन्हा बुडीत वनस्पती उगवण्यास प्रकाशच उरत नाही. उथळ तलावाच्या या दोन अवस्थांपैकी पहिलीतून दुसरीत जाणे सोपे, परत येणे अवघड.

जिल्ह्यांच्या वनस्पतींची सूची तयार करण्याचे काम महाविद्यालयीन प्राध्यापकांनीच केले आहे. डी. ए. पाटील यांचा धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरील ग्रंथ २००३ साली, तर एस. आर. क्षीरसागर व पाटील यांचा जळगाव जिल्ह्यावरील ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला. पाणवनस्पतींतील पुढील बदल मोजण्यासाठी हा आधार उपलब्ध आहे.

पक्षी : खोलीनुसार वाटून घेतलेले पाणी

हिवाळ्यात हतनूरवर येणाऱ्या पक्ष्यांची नुसती नावे देण्यापेक्षा ते पाणी कसे वाटून घेतात हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. लालसरी, छोटी लालसरी व शेंडी बदक ही बुडी मारणारी बदके होत. मीटर-दोन मीटर खोल पाण्यात तळाशी जाऊन ती वनस्पती व शिंपले खातात. तलवार बदक, थापट्या, भुवई बदक व चक्रांग ही शेपटी वर करून डोके बुडविणारी. त्यांची मान पोहोचेल तेवढीच खोली त्यांच्या कामाची. थापट्याची फावड्यासारखी चोच पाणी गाळून सूक्ष्म प्राणी वेगळे करते. चक्रवाक व पट्टकदंब हे मुख्यतः काठावरील गवत, कोवळे पीक यांवर चरतात. पट्टकदंब हा तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारा हंस. रात्री शेतात व दिवसा पाण्यात असा त्याचा दिनक्रम असल्याने हरभऱ्याच्या शेतकऱ्याचे त्याच्याविषयीचे मत पक्षिनिरीक्षकाच्या मताशी जुळत नाही.

दोन-चार सेंटिमीटर पाण्यात तुतारी व धोंगडे या जातींचे चिखलपक्षी, पोटरीभर पाण्यात शेकाट्या, त्याहून खोलात चित्रबलाक, चमचा व राखी बगळा. पायांची लांबी हीच प्रत्येकाची सीमा. मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीत मधोमध फट राहते. गोगलगाय व शिंपला धरून उघडण्यास ही रचना उपयुक्त ठरते. या पक्ष्याचे अस्तित्व म्हणजे तळाशी शिंपले आहेत याची पावतीच. लॅमेलिडेन्स या मोठ्या शिंपल्याच्या अळ्या काही काळ माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. म्हणून मासा नसेल तर शिंपला नाही, आणि शिंपला नसेल तर मुग्धबलाक नाही.

वर्षभर राहणाऱ्यांत हळदीकुंकू बदक, टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी यांचा समावेश होतो. कमळपक्ष्यात अंडी उबविण्याचे काम नर करतो. तरंगत्या पानांवर लांब बोटे पसरून चालणाऱ्या या पक्ष्याला कमळ-कुमुदांचे आवरण लागते.

येथे येणाऱ्यांपैकी छोटी लालसरी ही एकेकाळची अतिसामान्य जात. २०१५ मध्ये तिचा जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' या वर्गात समावेश करण्यात आला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व बर्डलाइफ इंटरनॅशनल यांच्या महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत हतनूरचे नाव आहे. खानदेशातून या यादीत असलेली तोरणमाळ व तळोदा ही अन्य क्षेत्रे वनांची आहेत. पाणपक्ष्यांसाठी हतनूर हेच.

मासे, बाहेरून आलेले आणि घरचे

कटला, रोहू व मृगळ हे बाजारातील मासे तापीचे मूळचे नव्हेत. ते उत्तरेकडील नद्यांचे. ओडिशात १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने त्यांचे प्रजनन घडवून आणले आणि त्यानंतर देशभरच्या जलाशयांत मत्स्यबीज सोडणे शक्य झाले. मच्छीमारांना त्याचा लाभ झाला, हे नाकारता येणार नाही. १९५२ साली भारतात आलेल्या तिलापियाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. वर्षातून अनेकदा प्रजनन, तोंडात पिल्ले सांभाळण्याची सवय आणि कोणतेही अन्न चालणे यांमुळे तो लहान तलावांत देशी माशांना मागे टाकतो. तापीतील महासीर, वांब, शिवडा यांसारख्या माशांवर दुसरे संकट आहे ते बंधाऱ्यांचे. गुजरातेत उकाई, वर प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे, त्यापुढे हतनूर अशी नदीची विभागणी झाल्यावर पुराच्या वेळी वरच्या गोटाळ पात्राकडे अंडी घालण्यास जाणाऱ्या माशाची वाट जागोजागी अडते.

जलपर्णी व पहाटेचा ऑक्सिजन

शहरांलगतच्या पाण्याची समस्या गाळाहून निराळी आहे. शहरांतील सांडपाणी व शेतातून वाहून येणारी खते यांमुळे पाण्यात नत्र व स्फुरद वाढते. दक्षिण अमेरिकेतील मूळच्या जलपर्णीला हे पाणी मानवते. ती पृष्ठभाग झाकते, प्रकाश अडविते आणि स्वतः सोडलेला ऑक्सिजन बहुतांशी हवेत सोडते, पाण्यात नव्हे. खाली कुजणाऱ्या मुळा-पानांना जिवाणू विघटित करतात व त्यासाठी पाण्यातील ऑक्सिजन खर्च होतो. दिवसभर प्रकाशसंश्लेषणाने भरलेला साठा रात्रभरात संपतो आणि पहाटे तो नीचांकास येतो. तलावात एकाएकी मेलेले मासे बहुधा सकाळीच का दिसतात, त्याचे हे स्पष्टीकरण. अशा वेळी 'विषप्रयोगा'ची चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात अनेकदा गुदमरणे हेच कारण असते. दुपारी बारा वाजता घेतलेल्या नमुन्यात ऑक्सिजन समाधानकारक आढळतो, आणि अहवाल चुकतो.

यंत्राने जलपर्णी काढणे आवश्यकच आहे, परंतु ती काठावरच टाकून ठेवल्यास पहिल्या पावसात तिच्यातील सर्व पोषकद्रव्ये पुन्हा तलावात येतात. तिच्यावर जगणारे निओचेटिना जातीचे भुंगेरे भारतात १९८० च्या दशकापासून सोडण्यात आले. काही ठिकाणी त्यांना यश आले. सांडपाणी थांबविल्याशिवाय मात्र कोणताही उपाय टिकत नाही.

व्याख्येबाहेर राहिलेले पाणी

केंद्र शासनाने २०१० साली केलेल्या पाणथळविषयक नियमांत जलाशय व तलाव यांसारख्या मानवनिर्मित पाणथळींचाही समावेश होता. त्यांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या नियमांनी व्याख्या आखडली. नदीपात्रे, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, तसेच मत्स्यसंवर्धन, मीठ, करमणूक व सिंचन यांसाठी बांधलेल्या रचना त्यातून वगळण्यात आल्या. हा मजकूर समोर ठेवून खानदेशाच्या नकाशावर बोट फिरविल्यास काय उरते? हतनूर, सुकी, अनेर सिंचनात गेले. नकाणे, डेडरगाव पिण्याच्या पाण्यात. तापी, गिरणा व पांझरा यांचे डोह नदीपात्रात. नैसर्गिक सरोवर नसलेल्या प्रदेशाला ही व्याख्या जवळजवळ पूर्णतः बाहेर ठेवते.

हा अपवाद अटळ होता असे म्हणता येत नाही, कारण त्याच्या विरुद्ध उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यातच आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिंचनासाठी बांधलेल्या नांदूर मध्यमेश्वर येथील बंधाऱ्यामागे गाळ साचला, बेटे झाली, पाणकणीस वाढले आणि पक्षी आले. १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि २०२० च्या प्रारंभी महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. दोन नद्यांचा संगम, सिंचनाचे बांधकाम, गाळ, उथळ पाणी : हतनूरची घडण याहून मुळात वेगळी नाही. फरक आहे तो वयाचा आणि संरक्षणाचा.

गाळ काढण्याच्या प्रश्नाचाही येथेच विचार करावा लागतो. २०१७ मध्ये राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली. लहान तलावांतील सुपीक गाळ शेतात जाणे सर्वथा हिताचे आहे. पण गाळ जसाच्या तसा राहू द्यावा असा आग्रह धरणेही चुकीचे ठरेल. गाळ साचतच राहिला तर उथळ पाणी दलदलीत, दलदल बेशरम व बाभळीच्या रानात आणि ते रान अखेर जमिनीत रूपांतरित होते; मग धरणही राहत नाही आणि पाणथळही. प्रश्न गाळ काढावा की न काढावा हा नसून कोठून काढावा हा आहे. भिंतीजवळच्या खोल भागातून काढलेल्या गाळाने साठा वाढतो. फुगवट्याच्या शेपटाकडील उथळ पट्टा खरवडला, काठ उभे केले, तर साठ्यात पडणारी भर अल्प आणि जीवसृष्टीची हानी मोठी.

याखेरीज तापी खोऱ्यातील पुराचे पाणी हतनूरच्या वरच्या बाजूस वळवून सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरविण्याच्या महापुनर्भरण योजनेबाबत मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्यात करार झाला. रावेर-यावलच्या खालावलेल्या भूजलासाठी तिची गरज निर्विवाद आहे. हतनूरला पोहोचणारे पाणी, गाळ आणि त्यांचे वेळापत्रक यांवर तिचा काय परिणाम होईल हे ठरविण्यासाठी योजनेपूर्वीच्या स्थितीच्या नोंदी हाताशी असाव्या लागतील.

नोंदींचा प्रश्न

या नोंदी घेण्याचे स्थान म्हणजे परिसरातील महाविद्यालये. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे विद्यापीठ स्थापन झाल्यापासून तलावांवरील प्रबंधांची संख्या वाढली, ही समाधानाची बाब आहे. त्यांचा साचा मात्र बराचसा ठरून गेला. एक तलाव निवडावयाचा, दोन वर्षे दरमहा नमुने घ्यावयाचे, सामू, क्षारता, विद्राव्य ऑक्सिजन, प्लवकांचे प्रकार यांचे तक्ते करावयाचे आणि पदवी मिळाल्यावर तो तलाव सोडून द्यावयाचा. दोन वर्षांच्या नोंदींतून ऋतू दिसतात. बदल दिसत नाही. एखाद्या वर्षी बदके कमी आली तर ती पाणी कमी असल्यामुळे, अन्यत्र पाऊस चांगला झाल्यामुळे की संख्याच घटल्यामुळे, हे सांगण्यास दहा-पंधरा वर्षांची सलग मोजणी हवी.

रामसर कराराच्या निकषांनुसार नियमितपणे वीस हजार पाणपक्षी असणारी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या एक टक्का पक्षी नियमितपणे असणारी पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. 'नियमितपणे' या शब्दाची पूर्तता एका वर्षाच्या गणनेने होत नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तिची पद्धत साधी असून दुर्बीण, वही आणि ठरलेली ठिकाणे एवढ्यावर ती चालते. प्राणिशास्त्र विभागाने जलाशयाची एक बाजू, वनस्पतिशास्त्र विभागाने काठावरील ठरावीक चौकोन, रसायनशास्त्र विभागाने पहाटेचा व दुपारचा ऑक्सिजन आणि भूगोल विभागाने उपग्रह प्रतिमांवरून पाण्याचा ऑक्टोबर ते मे दरम्यानचा विस्तार अशी कामाची वाटणी केल्यास खर्च फारसा येत नाही. पाण्याची पातळी पाटबंधारे खाते रोज नोंदवितेच. पक्ष्यांची संख्या त्या पातळीशेजारी मांडली, तर कोणत्या महिन्यात किती उथळ पाणी राखले म्हणजे किती पक्षी टिकतात हे आकड्यांत सांगता येईल. धरणातून पाणी सोडण्याचे वेळापत्रक दर हंगामाच्या प्रारंभी, पावसाळा संपताच, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. त्या बैठकीच्या टेबलावर आजवर पीकक्षेत्राचे तक्ते ठेवले जातात.